मधली सात चित्रं कुठून आली?

दोस्तांनो, गेल्या रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि बेल वाजली. दार उघडलं तर सात-आठ मुलं उभी. प्रत्येकाच्या कपाळावर आठ्या.

"काका, तुम्हीच सांगा. आउट की नॉट आउट?"

प्रकरण असं होतं. सिडकोतल्या आमच्या मैदानावर बुधवारी दोन कॉलन्यांची फायनल झाली. शेवटच्या बॉलवर दोन रन हवे होते. दुसरा रन काढताना बॅट क्रीझमध्ये आली आणि त्याच वेळी बेल्स उडाल्या. अंपायर होता कॉलेजात जाणारा एक दादा. त्यानं नॉट आउट दिलं. मॅच संपली, कप घरी गेला, सगळ्यांनी बर्फाचे गोळे खाल्ले. गोष्ट इथंच संपायला हवी होती.

पण कुणीतरी मोबाइलवर तो रन चित्रित केला होता. रात्री एकानं तो व्हिडिओ ॲपमध्ये टाकून स्लो मोशन केला. त्यात स्वच्छ दिसत होतं की बॅट अजून रेषेच्या बाहेर आहे आणि बेल्स उचलल्या गेल्या आहेत. म्हणजे आउट! व्हिडिओ सगळ्यांच्या घरी पोचला. ज्यानं तो रन काढला होता त्या आठवीतल्या मुलाला नवं नाव मिळालं : चीटर. आउट असूनही तो गप्प राहिला, असं म्हणे. चार दिवस तो खेळायला आला नव्हता. आज आला होता, पण आत नाही. गेटजवळच उभा होता, चपलेनं माती उकरत.

"प्रूफ आहे काका," व्हिडिओवाला म्हणाला आणि त्यानं मोबाइल पुढे केला.

मी पाहिलं. खरंच, बॅट बाहेर, बेल्स हवेत. चित्र कसं लोण्यासारखं सरकत होतं. आणि तिथंच मला शंका आली. साध्या मोबाइलवर, साध्या पद्धतीनं काढलेला व्हिडिओ इतका सुळसुळीत हळू कसा चालेल?

"मूळ व्हिडिओ आहे का रे?"

"आहे ना. पण त्यात काहीच कळत नाही. झटक्यात होतं सगळं."

"मग चला. आधी माळ्यावरून एक पेटी काढू. ती बघितल्याशिवाय निकाल नाही."

पेटीतला फिरता ड्रम

पेटी म्हणजे माझा जुना व्हीसीआर. तुमच्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल. आईबाबांना विचारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हीसीआर भाड्यानं आणायचा, सोबत तीन कॅसेटी, आणि रात्रभर गल्लीनं मिळून तीन पिक्चर पाहायचे! व्हीएचएस जातीच्या कॅसेटी १९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीनं आणल्या. असे व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनीही २०१६ साली थांबली. आपलं शहर तेव्हा औरंगाबाद होतं, आणि टीव्हीशी त्याचं नातं जवळचं. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही बनायचे.

मी वायर काढून ठेवली आणि मग झाकण उघडलं. (हे तुम्ही करू नका हं. आत घरातल्या सॉकेटची वीज खेळते, आणि वायर काढल्यावरही काही भागांत ती थोडा वेळ साठून राहते. मोठ्या माणसाशिवाय अशा पेटीला हात लावायचा नाही.)

मध्ये एक चकचकीत ड्रम दिसला. वाटीएवढा, थोडा तिरका बसवलेला.

"हा तिरका का?" एकीनं विचारलं. छान प्रश्न!

कॅसेटमधली फीत असते अर्धा इंच रुंद, आणि ती चालते अगदी गोगलगायीसारखी, सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर. पण चित्र लिहायला आणि वाचायला वेग लागतो फार मोठा. मग काय केलं? फितीला पळवायचं सोडून वाचणाऱ्यालाच पळवलं. ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा. त्यावर समोरासमोर दोन बारीक हेड्स. आपल्याकडच्या पद्धतीत तो ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. म्हणजे हेड फितीवरून सेकंदाला ४.८ मीटरहून जास्त वेगानं धावतं. ड्रम तिरका असल्यामुळे प्रत्येक हेड फितीवर एक तिरकी रेघ ओढतं, सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची आणि केसाहूनही बारीक. सेकंदाला अशा ५० रेघा. दोन रेघा मिळून एक पूर्ण चित्र. म्हणजे सेकंदाला २५ चित्रं.

गंमत बघा. ड्रम न फिरवता फीतच तेवढ्या वेगानं सरळ पळवली असती, तर तीन तासांच्या पिक्चरला ५२ किलोमीटर फीत लागली असती. इथून निघालेली फीत पार पैठणला पोचली असती! तिरक्या ड्रममुळे तेच काम अडीचशे मीटरच्या आसपास फितीत होतं.

पॉज केलं की बर्फ का पडतो?

"मग पॉज दाबलं की चित्र थांबतं," एकजण म्हणाला.

थांबतं, पण साध्या व्हीसीआरवर त्या चित्रात पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा दिसायचा, बर्फ पडल्यासारखा. त्याचं कारण असं. रेघ लिहिली जाताना दोन गोष्टी हलत असतात : हेड धावत असतं आणि फीतही पुढे सरकत असते. फीत थांबवली की हेड एकटंच धावतं. त्याची वाट किंचित बदलते. सुरुवात होते एका रेघेवर आणि शेवटाला ते शेजारच्या रेघेवर पोचतं. वहीत ओळीवर लिहिता लिहिता हात खालच्या ओळीवर उतरावा, तसं. शेजारची रेघ दुसऱ्या हेडनं लिहिलेली, थोड्या वेगळ्या कोनात. ती या हेडला वाचता येत नाही. वाचता येत नाही तिथं बर्फ.

यावर नंतरच्या महागड्या व्हीसीआरमध्ये जास्तीची हेड्स बसवली. टीव्ही स्टेशनच्या मोठ्या यंत्रांत तर आणखी डोकं चालवलं. १९७० च्या दशकात ॲम्पेक्स या अमेरिकन कंपनीनं हेडच अशा पट्टीवर बसवलं, की वीज दिली की ती पट्टी वाकते. फीत हळू चालो की थांबो, हेड आपलं वाकून बरोबर रेघेवर राहतं.

माझ्या व्हीसीआरचं बटण

माझ्या व्हीसीआरला मागे चिकटवलेली एक छोटी प्लास्टिकची डबी मुलांनी लगेच हेरली. तिला एक गोल बटण होतं, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं.

"काका, हे काय?"

हे माझं जुनं वेड. या व्हीसीआरमध्ये स्लो मोशन होती, पण एकाच ठरलेल्या वेगाची. मला हवी होती माझ्या मर्जीची. शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात एक हुशार काका होते, त्यांच्याकडून ही डबी करून घेतली.

तिची युक्ती सोपी आहे. फीत ओढायचं काम करतो कॅपस्टन नावाचा लोखंडी दांडा आणि त्याला चिकटून फिरणारा रबरी रोलर. स्लो मोशनमध्ये फीत खरं तर हळू चालतच नाही! ती एक चित्र पुढे सरकते, म्हणजे एक मिलिमीटरहूनही थोडी कमी, आणि थांबते. हेड्स तेच चित्र पुन्हा पुन्हा वाचत राहतात. मग पुन्हा एक धक्का, पुन्हा थांबा. माझ्या व्हीसीआरला "एक चित्र पुढे" असं बटण होतं. डबीतल्या टाइमरच्या आयसीनं ते बटण आपोआप दाबायचं, एवढंच काम. गोल बटण फिरवलं की दोन दाबण्यांमधला वेळ बदलतो. सेकंदाला पाच वेळा दाबलं तर पिक्चर एक-पंचमांश वेगानं चालेल. सेकंदाला एकदा दाबलं तर पंचविसाव्या हिश्शानं.

अवघड भाग पुढेच होता. फीत अगदी नेमक्या जागी थांबायला हवी. केसभर चुकली की बर्फ हजर. त्यासाठी फितीच्या खालच्या कडेला खुणा असतात, दर चित्राला एक. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांसारख्या. त्या वाचून व्हीसीआर ब्रेक मारतो. तरी थोडी चूक राहायचीच, ती पुढच्या ट्रॅकिंगच्या बटणानं हळूहळू सुधारायची. एका कॅसेटवर ते जमलं की दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा पहिल्यापासून!

मी एक जुनी क्रिकेटची कॅसेट लावली आणि बटण फिरवलं. बॉलर धावत आला. टक्, टक्, टक्. बॉल हातातून सुटला. टक्. बॉल खेळपट्टीच्या मध्ये. टक्. आणखी पुढे.

"काका, हा उड्या मारतोय. आमच्या ॲपसारखा स्मूद नाही."

"बरोबर!" मी म्हणालो. "आता सांगा, उड्या का मारतो?"

थोडा वेळ शांतता. मग गेटजवळून आवाज आला. चीटर म्हणवला गेलेला मुलगा नकळत आत आला होता.

"मधलं चित्र काढलेलंच नाही, म्हणून."

शंभरपैकी शंभर! व्हीसीआर तुम्ही कितीही हळू चालवा, तो कॅसेटवर असलेलंच दाखवणार. नसलेलं कुठून आणणार? ताशी १४४ किलोमीटर वेगाचा बॉल सेकंदाला ४० मीटर जातो. तुम्हीच हिशेब करा, एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात, तो ८० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. त्या ८० सेंटिमीटरमध्ये काय घडलं, हे कॅसेटला ठाऊक नाही.

बालदिन, १९९२, डर्बन

टीव्ही पाहून रनआउट ठरवायची पद्धत कसोटी क्रिकेटमध्ये सुरू झाली, त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. नोव्हेंबर १९९२. भारताचा संघ दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदाच कसोटी खेळत होता, डर्बनच्या किंग्जमीड मैदानावर. तारीख १४, म्हणजे आपला बालदिन. आपला मुंबईकर सचिन तेंडुलकर तेव्हा १९ वर्षांचा. ११ रनांवर असताना तो एका रनासाठी थोडा पुढे गेला आणि परत फिरला. जाँटी ऱ्होड्सनं चेंडू अडवून फेकला. अंपायर सिरिल मिचले यांनी स्वतः निर्णय न देता हवेत टीव्हीचा चौकोन काढला. तिसरे अंपायर कार्ल लीबेनबर्ग यांनी चित्र पाहिलं आणि सचिनला बाद दिलं. टीव्हीच्या चित्रावरून बाद झालेला कसोटीतला तो पहिला खेळाडू.

सचिनची बॅट कुठे आहे हे त्या चित्रात दिसलं, म्हणून निकाल लागला. पण समजा, बॅट एका चित्रात बाहेर आणि पुढच्या चित्रात आत असती, आणि बेल्स नेमक्या त्या दोघांच्या मधे उडाल्या असत्या, तर? तेव्हा अंपायर काय करतात? संशयाचा फायदा फलंदाजाला देतात. म्हणूनच आता मोठ्या सामन्यांत सेकंदाला शेकडो चित्रं काढणारे कॅमेरे लावतात, आणि बेल्स जागेवरून निघाल्या की त्यांच्यातले दिवे पेटतात. मधली फट लहान करायची ही सगळी धडपड.

आता आपला निकाल

मी कॉम्प्युटर सुरू केला. मूळ व्हिडिओ व्हीएलसी प्लेअरमध्ये लावला. त्यात "ई" हे अक्षर दाबलं की चित्र एकेक करून पुढे सरकतं. माझ्या डबीचंच काम, पण झाकण न उघडता! हा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांचा होता.

ई. ई. ई. सगळे पडद्याला नाक लावून.

एका चित्रात बॅट रेषेच्या चार बोटं बाहेर होती आणि बेल्स जागच्या जागी. लगेच पुढच्या चित्रात बॅट दहा-बारा सेंटिमीटर आत होती आणि बेल्स हवेत.

"बस, एवढंच?" व्हिडिओवाला म्हणाला. "पण ॲपमध्ये तर मध्ये बरीच चित्रं होती."

"किती?"

त्यानं मोजली. सात.

"मग मधली सात चित्रं कुठून आली?"

कुणी काही बोलेना. तर मित्रांनो, ती सात चित्रं कॅमेऱ्यानं काढलेली नव्हतीच. ॲपला सांगितलं होतं, आठपट हळू कर. त्यासाठी दोन चित्रांच्या मध्ये आणखी सात हवीत. ती ॲपनं अंदाजानं काढली! बॅट इथून तिथं गेली, म्हणजे मध्ये इथं-इथं असेल. बेल्स खाली होत्या, मग वर आहेत, म्हणजे मध्ये हळूहळू चढल्या असतील. दिसायला छान. पण बेल्स खरंच तशा चढल्या का? कदाचित बॅट आत आल्यावर अगदी शेवटच्या क्षणी उडाल्या असतील. कदाचित आधीच उडाल्या असतील. ॲपला हे कळायला मार्गच नाही. त्यानं बॅट आणि बेल्स दोघांनाही पहिल्या चित्रापासूनच हळूहळू हलवलं. त्यामुळे बॅट रेषेबाहेर असतानाच बेल्स उचललेल्या दिसल्या. असा व्हिडिओ त्या ॲपमध्ये टाकला, तर बिचारा बॅट्समन नेहमी आउटच दिसणार!

धावताना बॅटचा वेग सेकंदाला सहा मीटर धरा. दोन चित्रांमध्ये ती २० सेंटिमीटर सरकते. एवढ्या फटीत आउटही मावतं आणि नॉट आउटही.

"मग खरं काय, काका?"

मी त्या मुलाकडे वळलो. "तूच सांग. आत होतास का?"

त्यानं खरं सांगितलं. "मला नाही माहीत काका. मी पळत होतो."

यापेक्षा प्रामाणिक उत्तर कुणाचंच नव्हतं, ना ॲपचं, ना आपलं. मैदानावर उभ्या दादाला जे दिसलं ते त्यानं दिलं. त्याच्याविरुद्ध पुरावा नाही. निकाल तोच, नॉट आउट. व्हिडिओवाल्यानं तिथल्या तिथं सगळ्यांना लिहून पाठवलं, "तो व्हिडिओ बरोबर नाही, पुसून टाका." मग जरा घुटमळत म्हणाला, "चल ना बे, पाच वाजता. तूच ओपनिंग कर."

वाटाण्याला एक दिवस, बॅटला एक क्षण

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. किती हळू बघता येईल, हे चित्र दाखवताना ठरत नाही, काढताना ठरतं. आपले दादासाहेब फाळके यांना हे पक्कं ठाऊक होतं. "राजा हरिश्चंद्र" लोकांसमोर आला १९१३ साली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बी भराभर वाढून वेल झाली! वाटाण्याला घाई नसते, त्याला दिवसाला एक चित्रही पुरतं. बॅटला आणि बेल्सना मात्र सेकंदाला शेकडो लागतात. तुमच्या घरच्या मोबाइलमध्ये स्लो मोशनचा पर्याय असेल तर तो चित्र काढतानाच सुरू करा. पुष्कळ मोबाइल त्यात सेकंदाला १२० किंवा २४० चित्रं काढतात. २४० असतील, तर बॅटची २० सेंटिमीटरची फट अडीच सेंटिमीटरवर येते.

करून पाहा

भिंतीवर एक मीटरची पट्टी चिकटवा. शेजारून चेंडू सोडा, ढकलू नका. मित्राला समोरून मोबाइल न हलवता साध्या पद्धतीनं चित्रण करायला सांगा. मग मोठ्यांच्या मदतीनं कॉम्प्युटरवर एकेक चित्र पुढे सरकवा आणि चेंडू सुटल्यापासून दर तिसऱ्या चित्राला तो कुठे आहे ते लिहा. सेकंदाला ३० चित्रं असतील, तर तीन चित्रं म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. साधारण असे आकडे यायला हवेत : ५, २०, ४४ आणि ७८ सेंटिमीटर. आता प्रत्येक टप्प्यात चेंडू किती पडला ते काढा : ५, १५, २४, ३४. म्हणजे जवळजवळ १, ३, ५, ७ या प्रमाणात! हा विषम संख्यांचा नियम गॅलिलिओनं चारशे वर्षांपूर्वी शोधला. त्याच्याकडे कुठला व्हीसीआर? त्यानं उतरत्या फळीवरून गोळा सोडला, म्हणजे पडण्याचीच स्लो मोशन केली.

तुमचे आकडे काही सेंटिमीटर चुकतील. चुकू द्या. खोडून जुळवू नका. का चुकले, याचं उत्तर वर दिलेलं आहेच, शोधा आणि मला कळवा.

तुमचा,
काका